अलंकार ओळखा (१ गुण)

गेल्या रविवारी सकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती सांगलीजवळच्या एका गावात बारावी सायन्सला आहे. मामा पीएच.डी. झालेला, वर इंग्लंडात राहणारा, म्हणजे मामाला इंग्रजी येतच असणार, असा घरच्यांचा पक्का समज आहे. (हा समज मी गेली बारा वर्षं काळजीपूर्वक जपला आहे.) प्रश्न असा होता: "मामा, ट्रान्सफर्ड एपिथेट आणि पर्सॉनिफिकेशन यातला फरक कसा ओळखायचा? मॅडम म्हणाल्या, दोन्ही नावं लिहून ठेवू नका, एकच लिहा, नाहीतर मार्क जाईल."

मी विचारलं, "पण त्या ओळीत कवीला म्हणायचंय काय?"

तिकडे शांतता. मला वाटलं नेट गेलं. मग ती म्हणाली, "ते नाही विचारत रे. नाव लिहायचं आणि एक्स्प्लनेशनचं वाक्य लिहायचं. वाक्यं सगळी पाठ आहेत माझी."

आणि तिनं ती म्हणूनही दाखवली. सिमिली आली की 'हिअर टू डिफरंट थिंग्ज आर कम्पेअर्ड बाय यूजिंग द वर्ड लाइक'. रिपीटिशन आलं की 'द सेम वर्ड इज रिपीटेड फॉर द सेक ऑफ एम्फसिस'. मला अंगावर काटा आला, कारण अठरा वर्षांपूर्वी हीच वाक्यं मीही पाठ केली होती. शब्दन् शब्द तोच. मधल्या काळात पुस्तकं बदलली, पेपरचा साचा बदलला, एक्स्प्लनेशनचं वाक्य मात्र जागचं हललेलं नाही.

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण पोरांना इंग्रजीतले अलंकार शिकवत नाही, अलंकारांची हजेरी घ्यायला शिकवतो. सिमिली? हजर. मेटाफर? हजर. अ‍ॅलिटरेशन? गैरहजर. आणि हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी रविवार खर्ची घातला नसता. यानं नुकसान होतं. त्यातही सर्वांत जास्त नुकसान त्यांचं होतं, ज्यांना "तुला काय करायचंय कविता घेऊन, तू सायन्सचा" असं सांगितलं जातं.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे उपदेश करण्याचा हक्क थोडा तरी मिळेल.

मी मराठी माध्यमाचा. बारावीला इंग्रजीत चांगले मार्क होते, अलंकारांच्या प्रश्नात तर पैकीच्या पैकी. लायटॉटिजची व्याख्या वहीत लाल शाईनं लिहिलेली होती: नकाराचा वापर करून, मुद्दाम कमी करून सांगणं. त्यानंतर काही वर्षांनी इथे आलो, डॉक्टरेटला लागलो. माझा विषय धातूच्या पात्यांमध्ये भेगा कशा सुरू होतात आणि कशा वाढतात हा. पहिलं मोठं प्रकरण लिहून सरांना दिलं, साठ पानं. आठवड्यानं त्यांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "क्वाइट इंटरेस्टिंग." पुढे म्हणाले की पद्धतीबद्दल कदाचित थोडासा विचार करून पाहायला हरकत नाही, वेळ मिळाला तर.

मी तरंगतच घरी गेलो. रात्री आईला फोन करून सांगितलं, सर खूश आहेत. पद्धतीचा थोडासा विचार केलाही, वेळ मिळाला तेव्हा, आणि ती बरोबरच आहे असं माझं मत झालं. मग त्याच पद्धतीनं पुढचे चार महिने नमुने ताणून ताणून तोडले. चार महिन्यांनी आढावा बैठक झाली. सर तितक्याच शांतपणे म्हणाले, "मी ऑक्टोबरातच म्हटलं होतं की ही पद्धत टिकणार नाही."

मी मनात म्हटलं, कधी म्हणालात हो?

म्हणाले होते. त्यांच्या भाषेत अगदी स्पष्ट म्हणाले होते. ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'क्वाइट' म्हणजे 'खूप' नसतं, बऱ्याचदा ते 'बरंय, पण...' असतं. आणि 'थोडासा विचार करून पाहा' म्हणजे 'हे फेकून दे'. चार महिन्यांचं काम, नमुन्यांचे पैसे आणि उरलीसुरली झोप, सगळं गेलं. ज्या अलंकाराची व्याख्या मी लाल शाईनं लिहिली होती तो समोर चहा पीत बसला होता आणि मला ओळखता आला नाही. कारण माझ्या डोक्यात अलंकार कवितेत राहतात. पेपरात अधोरेखित होऊन येतात. माणसाच्या तोंडून, मंगळवारी दुपारी तीन वाजता येत नाहीत.

माझे चारच महिने गेले. इंग्लंडात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एप्रिल १९५१, कोरियाचं युद्ध, इमजिन नदी. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक ब्रिटिश पलटण एका टेकडीवर चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. समोरचं बळ कितीतरी पटींनी जास्त. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगितली ती अशा अर्थानं, की इथे जरा चिकट झालंय. ब्रिटिश कानाला याचा अर्थ 'आम्ही मरतोय'. अमेरिकन कानाला याचा अर्थ 'जरा त्रास आहे, पण भागेल'. वेळेवर माघारीचा हुकूम आला नाही, पुरेशी कुमकही आली नाही. मूठभर लोक निसटले, पाचशेहून जास्त सैनिक कैद झाले. केवळ त्या एका वाक्यानं हे घडलं असं कोणी म्हणणार नाही, रणांगणावर शंभर कारणं असतात. पण दोघांची भाषा इंग्रजीच होती हे लक्षात घ्या. व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर, शब्दसंग्रह उत्तम. चुकला तो अलंकार.

आता कोणी म्हणेल, हा आपल्याकडच्या शिक्षणाचा दोष, तिकडे बघा कसं शिकवतात. थांबा. तिकडचंही सांगतो, कारण मी तिकडेच आहे.

माझ्या शेजारचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, जीसीएसईची तयारी करतो. जीसीएसई म्हणजे इथली साधारण सोळाव्या वर्षी होणारी परीक्षा, आपल्या दहावीच्या जागी समजा. त्याला इंग्रजीच्या तासाला एक लघुनाम पाठ करायला दिलंय: डॅफॉरेस्ट. डी म्हणजे डायरेक्ट अ‍ॅड्रेस, ए म्हणजे अ‍ॅलिटरेशन, मग फॅक्ट्स, ओपिनियन्स, ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन, इमोटिव्ह लँग्वेज, स्टॅटिस्टिक्स आणि शेवटी ट्रिपल्स, म्हणजे तीन-तीनच्या जोड्या. पटवून देणारा निबंध लिहिताना यातलं एकेक घालत जायचं आणि पेन्सिलीनं टिक करत जायचं. त्याचा एक निबंध त्यानं मला दाखवला. विषय होता शाळेत मोबाइल असावा की नसावा. त्यात एक वाक्य होतं की अमुक इतके टक्के पालकांना असं असं वाटतं.

मी विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?"

तो निरागसपणे म्हणाला, "बनवला. परीक्षेत बनवायचाच असतो. स्टॅटिस्टिक हे टेक्नीक आहे ना."

मी संशोधक माणूस. एका आकड्यासाठी सहा महिने मशीनसमोर बसणारा. मला काही वेळ बोलताच येईना. आपल्याकडे निदान अनुप्रास ओळखायला शिकवतात, इथे खोटा आकडा हा अनुप्रासाच्या शेजारी बसवून शिकवला जातो, आणि पोराला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळ्याच शाळा असं करतात असं नाही, इथलेही जाणते शिक्षक याला नुसतं 'फीचर स्पॉटिंग' म्हणून नाकं मुरडतात. खुद्द परीक्षेच्या निकषात नुसती नावं मागितलेली नाहीत, लेखक भाषेतून वाचकावर परिणाम कसा घडवतो ते समजावून सांगा असं म्हटलंय. पण निकष आणि वर्ग यांच्यामध्ये मार्क नावाची नदी आहे, आणि ती दोन्ही देशांत सारखीच वाहते. तेव्हा परदेशाकडे बोट दाखवून सुटका नाही.

मग अलंकार म्हणजे काय? मला विचाराल तर अलंकार हे हत्यार आहे, पान्यासारखं. पान्याचं नाव पाठ असून भागत नाही, तो कुठला नट फिरवतो ते कळावं लागतं. आपल्या 'अलंकार' या शब्दानंच थोडा घोटाळा केलाय: दागिना. असला तर शोभा, नसला तरी चालतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे पंडितांनी फोडी करत करत संख्या शंभरावर नेली. पण याच परंपरेत नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात ठणकावून सांगितलं, की काव्याचा प्राण ध्वनीत आहे, म्हणजे शब्दांतून जे सुचतं त्यात, आणि अलंकार त्याच्या सेवेला असायला हवेत. म्हणजे हे भांडण आपण हजार-अकराशे वर्षांपूर्वी भांडून मोकळे झालोय. शाळेत मात्र निकाल अजून पोचलेला नाही. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग ऐकणाऱ्याला राग कधी येतो, भीती कशानं वाटते, दया कोणाची येते याबद्दल आहे. समोरच्याच्या मनात काय होतं ते आधी, शब्दांची मांडणी नंतर.

एक रोजचं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीबरोबर काम करत होतो. एका सकाळी तिथल्या सगळ्यांना पत्र आलं. मराठीत त्याचा ऐवज असा: 'या आव्हानात्मक वातावरणात आपल्या कुटुंबाला भविष्यासाठी सज्ज करण्याकरता मनुष्यबळ योग्य पातळीवर आणण्याचा अवघड निर्णय घेण्यात आला आहे.' आता हजेरी घेऊ. 'कुटुंब' हे रूपक. 'योग्य पातळी' ही पर्यायोक्ती, इंग्रजीत युफेमिझम. 'घेण्यात आला आहे' हा कर्मणी प्रयोग. तीन नावं, तीन मार्क, शाब्बास.

पण पत्र काय करतंय? कुटुंब म्हटलं की घरातला माणूस काढून टाकत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्या शब्दानं आधी बधिर करायचं. 'योग्य' म्हटलं की आत्ताची संख्या आपोआप अयोग्य ठरते, वाद घालायला जागाच नाही. आणि निर्णय 'घेण्यात आला', कोणी घेतला त्याचा पत्ता नाही. जणू पाऊस पडला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस ते पत्र दोनदा वाचून मला म्हणाला, "म्हणजे मी आहे की नाही?" तो नव्हता. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, तो इंग्रजच होता.

हेच काम मोठी माणसंही करतात. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन संसदेसमोर बोलले ते असं, की गंभीर चुका झाल्या. झाल्या! जशी सर्दी होते तशा. कोणी केल्या ते वाक्यात नव्हतं, आणि नसावं म्हणूनच वाक्य तसं रचलं होतं. शाळेत आपण हाच प्रयोग 'चेंज द व्हॉइस' म्हणून शिकतो. राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो. कर्ता पळवून न्यायची ही सोय आहे, हे कोणी सांगत नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्या पोरांना हे वेगळं शिकवायची गरजच नाही. मराठी घरात वाढलेलं पोर पाचव्या वर्षी यात तरबेज असतं. बरणी फोडल्यावर ते 'मी फोडली' म्हणतं का? 'फुटली' म्हणतं. जरा मोठं झालं, संस्कार झाले, की 'माझ्या हातून फुटली' म्हणतं, म्हणजे मी नाही, हातानं केलं, तोही चुकून. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. उशिरा आलेल्या जावयाला सासूबाई "लवकर आलात!" म्हणतात तेव्हा आयरनीची व्याख्या कोणाला लागत नाही, जावई बरोबर खाली बघतो. सगळा माल घरात आहे. वर्गात गेल्यावर मात्र आपण त्याच पोराला सांगतो की युफेमिझम ही काहीतरी परकी, अवघड, ग्रीक नावाची गोष्ट आहे, पाठ कर.

आता माझ्या क्षेत्रातलं उदाहरण, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. यातलं एक नाव आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना खाली अभियंत्यांनी हिशेब केला, की या धक्क्यानं किती नुकसान झालं असेल. तो हिशेब नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवरून मांडला गेला. बोइंगच्या अभियंत्यांनी बनवलेल्या त्यातल्या एका स्लाइडचा मथळा मराठीत सांगायचा तर असा होता, की चाचण्यांची माहिती पाहता फरशांमध्ये भेदन होण्याबाबतचा अंदाज 'कन्झर्व्हेटिव्ह' आहे. अभियंत्यांच्या भाषेत हा शब्द दिलासा देणारा: आम्ही वाईटात वाईट धरून चाललोय, प्रत्यक्षात इतकं होणार नाही. मथळा मोठ्या अक्षरात, सर्वांत वर. खाली एकाखाली एक मुद्दे, उपमुद्दे, उपउपमुद्दे, अक्षर लहान होत जाणारं. आणि सर्वांत तळाशी खरी गोष्ट: ज्या चाचण्यांवर हे सगळं बेतलंय त्यातला तुकडा होता तीन घन इंचांचा, आणि इथे आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. एक कटिंग चहा आणि दीड जार पाणी यांत जितका फरक तितका.

म्हणजे स्लाइडचा खरा अर्थ 'आम्हाला माहीत नाही' असा होता, आणि तिचा सूर 'काळजी नसावी' असा होता. 'सिग्निफिकंट' हा शब्द त्या एका स्लाइडवर वेगवेगळ्या अर्थांनी पाच वेळा आलाय, असं एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं दाखवून दिलं. संख्याशास्त्रात या शब्दाला नेमका अर्थ आहे, बोलीत तो नुसता 'बराच' असतो, आणि वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. अधिकाऱ्यांनी घेतला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना यान फुटलं, सातही जण गेले. त्यात कर्नालची मुलगी होती, कल्पना चावला. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या वर्गात दोन मिनिटं शांतता पाळली होती. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात टफ्टींचं विश्लेषण छापलं आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर स्पष्ट टीका केली.

यान स्लाइडनं पडलं नाही, फोमनं पडलं, आणि त्यामागे संस्थेच्या सवयी, वेळापत्रक, पैसा असं बरंच काही होतं. पण त्या खोलीत एकानं जरी विचारलं असतं, की मथळा एक सांगतो आणि शेवटची ओळ भलतंच, यातलं खरं काय? ही वाचायची सवय आहे. ती इंग्रजीच्या तासालाच लागू शकली असती. भौतिकशास्त्राच्या तासाला ती लागत नाही, तिथे वाक्यं वाचत नाहीत, सूत्रं वाचतात.

आता आक्षेपांकडे वळतो. मित्रांशी यावर बोललो तेव्हा तीन आक्षेप आले.

पहिला, माझ्या अभियंता मित्राचा: "आम्हाला कशाला अलंकार? आम्ही साधं, सरळ लिहितो." हे फार जुनं आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६९० साली अलंकारिक भाषेला भ्रम आणि फसवणुकीचं साधन म्हणून झोडपलं, आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी वक्तृत्वाला सुंदर स्त्रीची उपमा देऊन मोकळा झाला! सुटका नाही हो. आम्ही धातू 'थकतो' म्हणतो, फेटीग. सिग्नलमध्ये 'आवाज' असतो, नॉइज. सगळ्यांचे फोटो 'क्लाउड'मध्ये असतात, जणू वर कुठेतरी तरंगतायत. प्रत्यक्षात ते सिमेंटच्या गोदामांत, वीज आणि पाणी खात बसलेल्या यंत्रांत असतात. 'ढग' म्हटल्यावर ती वीज आणि ते पाणी कोणाच्या वाट्याचं हा प्रश्न डोक्यात येत नाही. साधी भाषा हाही एक पवित्राच आहे: 'मी साधा माणूस, माझ्यावर विश्वास ठेवा.' निवडणुकीत हा पवित्रा कोण घेतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा आक्षेप एका शिक्षक मित्राचा, आणि तो मी मनापासून ऐकला. तो म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय. माझ्या वर्गात सत्तर पोरं आहेत. निम्म्यांना इंग्रजीचं एक वाक्य धड लिहिता येत नाही. त्यांना निदान नाव पाठ करून एक मार्क मिळतो, तो पण काढून घेऊ?" खरंय. तो मार्क काढून घ्या असं मी म्हणत नाही. नाव शिकवूच नका असंही म्हणत नाही, नाव असलं की बोट ठेवता येतं. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात नावानं करू नका. सत्तर पोरांच्या वर्गातही फळ्यावर एक वाक्य लिहून तीन प्रश्न विचारता येतात. यातला हा शब्द काढून साधा शब्द घातला तर काय गेलं? हे असं म्हटल्यानं कोणाचा फायदा झाला? आणि या वाक्यात कोण दिसत नाहीये? उत्तरं मराठीत दिली तरी चालतील. बरणी फोडलेली सगळीच पोरं आहेत, उत्तरं येतील. नाव शेवटी सांगा, ते मग पाठ करावं लागणार नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा: "पण परीक्षेत तेच विचारतात ना." विचारतात. म्हणूनच हा लेख पोरांना उद्देशून नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना माझं सांगणं आहे, की 'अलंकार ओळखा' हा प्रश्न आता तसाही मेलेला आहे. कुठलीही ओळ आजच्या चॅटबॉटला द्या, दोन सेकंदांत नाव आणि एक्स्प्लनेशनचं वाक्य लिहून देतो, तेही आपल्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. एवढंच नाही, तो स्वतःच तीन-तीनच्या जोड्या आणि विरोधाच्या लडी लावून असं लिहितो की वाचणारा मान डोलावतो. जगात गुळगुळीत भाषेचा पूर कधी नव्हे इतका आलाय, जाहिरातींचा, पत्रांचा, भाषणांचा, आणि आपण पोरांना काठावर बसवून पुराच्या पाण्याचे प्रकार पाठ करायला लावतोय. पोहायला शिकवा हो.

('पूर' हे रूपक. मुद्दाम वापरलं. त्यानं तुम्हाला थोडी भीती वाटली असेल तर काम झालं, आणि आता तपासून बघा की ती भीती रास्त आहे का. मी शिकवा म्हणतोय ते हेच.)

असो. भाचीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ट्रान्सफर्ड एपिथेटचा फरक मी तिला सांगितला, मार्क तर हवेतच. वर ते तीन प्रश्नही सांगितले आणि म्हटलं, आठवडाभर जे इंग्रजी समोर येईल त्यावर लावून बघ. तिनं "हो हो" म्हटलं, पोरं म्हणतात तसं.

गुरुवारी तिचा मेसेज आला, एक फोटो. तिच्या क्लासच्या दारावरची इंग्रजी नोटीस होती. 'ड्यू टू अनअव्हॉयडेबल सर्कमस्टन्सेस, फीज हॅव बीन रिव्हाइज्ड.' 'रिव्हाइज्ड'भोवती तिनं लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं:

"मामा, रिव्हाइज म्हणजे कमी पण होऊ शकते ना? मग वाढवल्या असं का नाही लिहिलं? आणि कोणी वाढवल्या ते पण नाहीये. मी सरांना विचारलं तर ते चिडले."